मदत हवी आहे: स्लॅलम स्कीला मागे टो प्लेट की दुसरा बूट?

मंडळी, इथे फ्लोरिडात कोणी स्लॅलम वॉटर स्कीइंग (बोटीमागे दोरी धरून एकाच स्कीवर तरंगत्या गोळ्यांना वळसे घालत जाणं) करतं का? मी ५५ किमी स्पीडला १८.२५ मीटर दोरीवर आहे, सहाही बॉय (म्हणजे ते गोळे) बऱ्यापैकी होतात, पण दोरी आखूड करून १६ मीटरला आलो की चौथ्या बॉयनंतर दोरी ढिली पडते आणि मग झटका बसून धाडकन पडतो. पुढे बूट आणि मागे रिअर टो प्लेट (पायाचा फक्त पुढचा भाग अडकवायचा पट्टा) आहे, गेल्या वेळी पुढचा पाय निघाला पण मागचा टो प्लेटमध्ये क्षणभर अडकून राहिला, घोटा अजून दुखतोय. निघायचे तर दोन्ही पाय एकदम, नाहीतर एकही नको, एवढं माहितीये, मग दोन्ही बूट एकाच प्लेटवर घ्यावेत का टो प्लेटच ढिली करून बघावी? बोटीवर झीरो ऑफ (बोटीचा वेग आपोआप राखणारी यंत्रणा) बी२ सेटिंगला आहे, ड्रायव्हर म्हणतो ए१ करू म्हणजे इंजिन जरा मऊ ओढेल, मला वाटतं दोष फिनचा (स्कीखालच्या पात्याचा) असावा, तिला हात लावायची मात्र भीती वाटते कारण अर्ध्या मिलिमीटरनेही स्की वेगळीच वागायला लागते. आणि हो, हँडलला आर्म गार्ड लावता का तुम्ही? पडताना हात हँडलमधून आरपार गेला तर खांदाच जाईल, बायको तर आत्ताच बंद करा म्हणतेय!