कोकणच्या बोटीवर घरातलं कोणी कामाला होतं का? अनुभव लिहा

धागाकर्ता
माझे बाबा मुंबई-पणजी जाणाऱ्या कोकण सेवक बोटीवर खलाशी होते. बोटीचा प्रवास आठवणारे बरेच भेटतात, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर चादर टाकून जागा धरायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. पण ती बोट ज्यांनी चालवली त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही आणि ती पिढी आता जात चाललीये, म्हणून हा धागा. सारंग, सुकाणी (सुकाणू धरणारे), तांडेल, इंजिनातले, भंडारी (बोटीवरचे स्वयंपाकी), पडाववाले (बोटीतून किनाऱ्यावर माणसं नेणाऱ्या होड्यांवरचे), आताच्या फेरीवरचे, सगळ्यांचं येऊद्या.

सुरुवात मीच करतो. मे महिन्यात वारा फिरला की निम्म्या लोकांना बोट लागायची, उलट्या व्हायच्या, आणि पहाटे लोक उठायच्या आत डेक धुवायचं काम बाबांच्या पाळीवर असायचं. पाइप सोडला की दहा मिनिटांत काम झालं असतं, पण डेकवर तान्ही पोरं घेऊन बायका झोपलेल्या असायच्या, मग त्यांच्या आजूबाजूला बाबा गुडघ्यावर बसून बादली-फडक्याने पुसून घ्यायचे, कोणाची झोप मोडायची नाही. पावसाळ्यात बोट बंद, तेव्हा घरी येऊन भाताची लावणी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की आई न सांगता त्यांची पिशवी भरायला घ्यायची. बोट सुटायच्या आधीचे ते दिवस आमच्या घरात फार शांत असायचे.

मालवणचा नातू
आमचा आजा पडावावर होता, त्या जुन्या कंपनीच्या बोटींच्या काळात. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे, बंदराच्या तोंडाशी खडक आहेत, त्यामुळे ती बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि भोंगा झाला की पडाव निघायचे. बोटीच्या शिडीवरून पडावात उतरणं म्हणजे लाट पडावाला वर आणते तेवढ्या एका क्षणात पाय टाकायचा, उशीर केला की पडाव खाली गेलेला. आजा शिडीखाली उभा राहून प्रत्येकीला म्हणायचा, "गे बाय, भिया नको, हात दी, आता टाक पाय." पोरं तर हातोहात खाली यायची, आधी पोर मग आई, हा क्रम तो कधी मोडत नसे कारण आई आधी उतरली आणि पोर वर राहिलं तर ती घाबरून उभी राहते आणि पडाव कलतो. परत जाताना आंब्याच्या पेट्या. त्याचा उजवा खांदा शेवटपर्यंत डाव्यापेक्षा खाली होता, वल्ह्याचा आणि ओझ्याचा.

डेकवरची प्रवासी
धागाकर्ते, तुमच्या बाबांसारख्या एका खलाशाने मला लहानपणी लिंबू आणून दिलं होतं आणि आडवी झोप, पाण्याकडे बघू नको म्हणाला होता. नाव नाही विचारलं. एवढंच.

रेवसकडची
आमच्याकडे बोट म्हटलं की रामदास. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, तुफान पाऊस, लाट आली आणि माणसं घाबरून एका अंगाला धावली तशी बोट उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. आमची आजी सांगायची की कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि तिथे माणसं घेतली, ज्या दिवसाची कमाई टाकली त्याबद्दल नंतर कोणी बोललं नाही. माझा भाऊ आता लाँचवर काम करतो. हवा खराब असली की बंदरावरचे लोक चिडतात, अजून दोन माणसं घ्या म्हणतात, अरेतुरे करतात, तो मोजणी झाली की दोर सोडतो. मी त्याला कधी विचारलं नाही का म्हणून, मला माहितीये.

दाभोळची फेरी
मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर होतो, आमच्याकडे जंगलजेटी म्हणतात तिला. वाशिष्ठीच्या मुखावरचा प्रवास छोटासाच पण दिवसभर तेच, रॅम्प टाक, गाड्या घे, रॅम्प उचल. लोकांना वाटतं बोट धक्क्याला लागली की थांबली, तसं नसतं, इंजिन चालूच ठेवून सुकाणी तिला रॅम्पवर दाबून धरतो, नाहीतर ओढीने तोंड फिरतं. जड गाडी मध्ये, हलक्या बाजूला, हँडब्रेक लावला का ते प्रत्येकाला विचारायचं आणि शंका आली की चाकाला दगड. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की बुटक्या गाड्यांचं बूड रॅम्पला घासतं, तिथे फळ्या घालून आम्ही एकेक गाडी हाताच्या खुणेवर चढवायचो.

एका रात्री शेवटची फेरी करून आम्ही भाकरी सोडली होती तेवढ्यात पलीकडच्या काठावर जीपचे दिवे, चालू-बंद, चालू-बंद. अशी खूण म्हणजे पेशंट. कोणी कोणाला काही बोललं नाही, सुकाणी हात धुऊन वर गेला, मी दोर सोडला. बाळंतपणाची बाई होती, सोबत सासू. मधल्या पाण्यात आल्यावर सासूने विचारलं किती पैसे, सुकाणी वरूनच ओरडला, तिला पाणी द्या आधी. मुलगी झाली. पुढे ते कुटुंब फेरीने जायचं तेव्हा ती पोर रॅम्पवर उभी राहून मला हात करायची.