मदत हवी आहे: दादाला झटका आला, मीही जीन टेस्ट करू का?

वैतागलेला_धाकटा: गेल्या महिन्यात दादाला पॅरालिसिसचा झटका आला. आता चालतो, पण उजव्या हातात चहाचा कप धरला की बशीत निम्मा सांडतो. एका लॅबवाल्याने पॅकेज गळ्यात मारलं. रिपोर्टमध्ये 'एमटीएचएफआर हेटेरोझायगस' आणि पुढे लाल बाण. फॅमिली डॉक्टर म्हणतात 'बघू'. काय बघू? मीही हीच टेस्ट करू का? लवकर सांगा, सवलत रविवारपर्यंतच आहे.

सदाफुली: वय? गुठळी की रक्तस्राव? बीपी, शुगर, तंबाखू? काहीच लिहिलं नाहीत.

वैतागलेला_धाकटा: गुठळीच हो. वय ४४. बीपी नाही, शुगर नाही, सुपारीसुद्धा खात नाही. म्हणून तर जीन म्हणतोय!

नाना_निवृत्त: आमच्या साडूंचं होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, वाढलेलं निघालं. बी१२ ची इंजेक्शनं घेतली, आज ठणठणीत. जीनबीन सब झूठ.

पेशीपुराण: नाना, जीन झूठ नाही, तो लाल बाण झूठ आहे. एमटीएचएफआर हा होमोसिस्टीन आटोक्यात ठेवायला मदत करणारा जीन. त्याची अशी एक बदललेली प्रत (हेटेरोझायगस म्हणजे तेच) इतकी सर्रास असते की या धाग्यावरच दोघा-तिघांकडे निघेल. होमोसिस्टीन वाढलंय का ते साध्या रक्ततपासणीत कळतं. २०२२ साली जगभरातले लाखावर रुग्ण धरून अभ्यास झाला, त्यात स्ट्रोकशी जोडलेल्या डीएनएवरच्या ८९ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. काही बीपीतून काम करतात, काही हृदयाच्या अनियमित ठोक्यांतून.

गोळीबार: मुद्दा औषधाचा आहे. क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी गोळी पोटात गेल्यावर यकृतात चालू व्हावी लागते, ते काम सीवायपी२सी१९ नावाच्या जीनचं एन्झाइम करतं. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास लोकांत त्या जीनची मंद प्रत असते. तीच टेस्ट करा!

पेशीपुराण: आधी गोळी कोणती चालू आहे ते तरी विचारा.

वैतागलेला_धाकटा: ॲस्पिरिन, आणि रात्री कोलेस्टेरॉलची.

गोळीबार: मग राहू द्या. पण माहिती असलेली बरी.

घरचा_वैद्य: रोज अनशापोटी लसूण आणि अर्जुनसालीचा काढा. रक्त पातळ राहतं.

सदाफुली: ॲस्पिरिन चालू असताना असले काढे डॉक्टरांना न विचारता नकोत. धाकटे, घरात आणखी कोणाला झटका आला होता का?

वैतागलेला_धाकटा: बाबांना. ४९ व्या वर्षी पहिला, मग आणखी दोन. शेवटी आम्हाला ओळखायचेही नाहीत, ५९ ला गेले. पण ते प्यायचे, म्हणून ते धरलं नाही.

पेशीपुराण: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! दादाला अर्धशिशी?

वैतागलेला_धाकटा: कॉलेजपासून. आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा, मग अर्धं डोकं. मलाही होते. त्याचा इथे काय संबंध?

पेशीपुराण: असू शकतो. कॅडासिल नावाचा आजार आहे, नॉच३ जीनमधल्या बदलामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. अर्धशिशी, मध्यम वयात झटके, पुढे विसराळूपणा. आई किंवा वडील, एकाकडून बदललेली प्रत आली तरी पुरते, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आहेच असं नाही. मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. एमआरआयच्या फिल्म घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि बाबांचं सगळं सांगा. टेस्ट करायची तर आधी दादाची. तुमची नंतर, तीही जेनेटिक समुपदेशकाशी बोलून. हा आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही, बीपी आणि तंबाखू सांभाळणं एवढंच हातात असतं. निकाल कळून घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

नाना_निवृत्त: आणि टेस्टआधी मेडिक्लेमचं काय?

वैतागलेला_धाकटा: फिल्म वहिनीच्या माहेरी आहेत, उद्या आणतो. रिपोर्टमध्ये 'वयाच्या मानाने पांढरे डाग जास्त' असं काहीतरी होतं. मला वाटलं, चाळिशीनंतर सगळ्यांनाच असतात.

घरचा_वैद्य: लसूण मात्र गावठीच घ्या.