बोल्डर्स बीचवरचे पेंग्विन : डिसेंबरात जावे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. डिसेंबरात आम्ही उभयता केपटाउनला जाणार असून सायमन्स टाउनच्या बोल्डर्स बीचवर आफ्रिकन पेंग्विन बघण्याचा बेत आहे. भायखळ्याच्या राणीबागेत काचेआडचे हम्बोल्ट पेंग्विन बघितल्यापासून मोकळ्या किनाऱ्यावरचे पेंग्विन बघण्याची इच्छा आहे. कोणती वेळ धरावी, आणि पेंचला नेतो ती चारशे मिलिमीटरची, दूरचे टिपणारी लेन्स सोबत घ्यावी का?

प्रतिसाद १ (प्रतापनगर)
लेन्सचे फारसे काम पडणार नाही, कारण बोल्डर्सच्या शेजारच्या फॉक्सी बीचकडच्या लाकडी पायवाटेवरून पक्षी कित्येकदा दोन-तीन हातांवर दिसतो. डोळ्यांवरचा गुलाबी पट्टा अवश्य न्याहाळा. ऊन तापले की तिथे रक्त जास्त खेळते आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. (बर्फाशी या पक्ष्याचा काही संबंध नाही, हे आमच्या नातवाला अजून पटलेले नाही.) सकाळी लवकर जावे, दुपारी बसगाड्यांची गर्दी होते.

प्रतिसाद २ (सक्करदरा)
डिसेंबरात तिथे बरेच पक्षी पिसे गाळत असतात, आणि फाटक्या गादीतून कापूस निघावा तसे त्यांचे रूप पाहून आमच्या गटातल्या काहींना ते आजारीच वाटले. त्या सुमारे 21 दिवसांत पिसांतून पाणी आत शिरत असल्याने त्यांना समुद्रात उतरता येत नाही, आणि साठवलेल्या चरबीवर उपाशी दिवस काढावे लागतात. अशा वेळी फोटोसाठी जवळ जाऊन त्यांना पळवणे म्हणजे त्यांची शिदोरीच संपवणे होय. वाघाच्या वाटेत जिप्सी आडवी घालणारे पर्यटक आपण पाहतोच, इथे निदान तसे वागू नये.

प्रतिसाद ३ (सिव्हिल लाइन्स)
ही वसाहत 1982 मध्ये अवघ्या दोन जोड्यांपासून सुरू झाली, पण 2024 मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली असून जगात 10,000 हून कमी प्रजननक्षम जोड्या उरल्या आहेत. मुख्य कारण उपासमारीचे आहे, कारण सार्डिन आणि अँकोव्ही हे त्यांचे मासे समुद्रात कमी झाले आहेत. पूर्वी हे पक्षी साचलेल्या विष्ठेच्या थरात बिळे करून अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात तो थर खतासाठी खरवडून नेल्यामुळे आता अनेकांना झुडपाखाली किंवा उघड्यावर अंडी घालावी लागतात. सहा वसाहतींभोवतीच्या मासेमारीवर 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने दहा वर्षांसाठी निर्बंध आले, हे उशिरा का होईना, बरे झाले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. लेन्स घरीच ठेवतो, दुर्बीण मात्र नेतो.

प्रतिसाद १
भाड्याची गाडी घेणार असाल, तर निघण्यापूर्वी वाकून तिच्याखाली नक्की बघा. सावली शोधत पेंग्विन तिथे जाऊन बसतात.