बेदाण्याच्या पेशी मेलेल्या असतात ना, मग पाण्यात टाकल्यावर ऑस्मॉसिस कसं होतं?

शेडवरची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी अकरावी सायन्सला आहे, तासगाव तालुका. प्रश्न जरा येडचाप वाटेल पण डोक्यातून जाईना म्हणून टाकतेय. आमच्या कॉलेजात सेलचा चॅप्टर चालू आहे, त्यात मेंब्रेन म्हणजे पेशीपटल, ऑस्मॉसिस म्हणजे परासरण (पडद्यातून पाणी जास्त साखर-मिठाच्या बाजूला जातं ते) वगैरे, आणि उदाहरण काय तर तेच शाळेपासूनचं, मनुके साध्या पाण्यात टाका फुगतात, तेच फुगलेले साखरेच्या घट्ट पाकात टाका परत आक्रसतात, कारण पेशीपटल निवडक पारगम्य आहे, पाण्याला सोडतं साखरेला सोडत नाही. बरं, ठीक. पण आमच्या घरचं बेदाण्याचं शेड आहे हो. माल आला की आधी कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढायचा, मग रॅकवर जाळीवर पसरून दोन-तीन आठवडे वाळवायचा, मग गंधकाची धुरी, मळणी, ग्रेडिंग, आणि त्यानंतर कित्येक महिने कोल्ड स्टोरेजला पडून. एवढं सगळं सोसून पेशी जिवंत राहतात का? आणि मेल्या असतील तर मेंब्रेन पण गेलं, मग निवड कोण करतंय? सरांना विचारलं तर वर्ग हसला आणि सर म्हणाले पुस्तकात आहे ते लिही. लिहीनच मी, मार्क घालवायचे नाहीत मला, पण खरं काय ते कुणी सांगेल का प्लीज.

सीईटी_वाला:
ऑस्मॉसिस लिही आणि मोकळी हो. मनुका आला की एंडोऑस्मॉसिस (पाणी आत जातं ते), कोरडं बी किंवा फुगलेला दरवाजा आला की इम्बिबिशन. एवढं पाठ असलं की झालं, परीक्षेत कोण विचारतंय पेशी जिवंत का मेलेली.

खोडवा:
वरच्या भावाला कोपरापासून नमस्कार 😂 पोरीनं चांगला प्रश्न विचारलाय तर नीट उत्तर द्या की लगा.

भिंग_कराड:
मी कराडला बॉटनी शिकवायचो, आता रिटायर आहे त्यामुळे वेळ भरपूर. बाळ, प्रश्न अजिबात येडचाप नाही, उलट त्या उदाहरणाची नेमकी ढिली जागा तू धरलीस.

पहिली गोष्ट, हो, बेदाण्यातल्या पेशी मेलेल्याच असतात. पेशीचं पटल म्हणजे काय तर फॉस्फोलिपिडचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे, पाण्याकडं तोंड करणारी डोकी बाहेर आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत, सगळी जाडी सात-आठ नॅनोमीटर. हे दोन थर एकमेकांना कशानंही चिकटवलेले नसतात, भोवती पाणी आहे म्हणून शेपट्या आत दडून बसतात, एवढ्यावरच सगळं उभं असतं. आता तेच पाणी काढून घेतलं तर काय होणार ते तूच सांग. ताज्या द्राक्षात पाऊण भागाहून जास्त पाणी, बेदाण्यात उरतं १५-१६ टक्के. त्यात ते पटल फाटतं, चुरगळतं. काही बिया आणि शेवाळ वगैरे वाळूनही जिवंत राहतात पण त्यांची त्यासाठी वेगळी तयारी असते, द्राक्षाच्या गराची नाही.

आणि पटल फुटल्याचा पुरावा तुझ्या शेडमध्येच आहे. धुरी का देता? माल काळा पडू नये म्हणून. काळा का पडतो? फिनॉल जातीची संयुगं पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीत, असतात आणि त्यांना तपकिरी करणारं एन्झाइम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, ते बसलेलं असतं लवकांत, म्हणजे हरितलवकाच्या जातीच्या पेशीतल्या कणांत. जिवंत पेशीत दोघांच्या मध्ये पटलं असतात म्हणून गाठ पडत नाही. पटलं फुटली की गाठ पडली, हवेतला ऑक्सिजन मिळाला की रंग गेला. गंधकाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ते एन्झाइम अडवतो. म्हणजे पेशी मेली तरी तिच्यातली एन्झाइमं लगेच बसत नाहीत, हे पण लक्षात ठेव, केमिस्ट्री चालूच राहते.

दुसरी गोष्ट जरा उलटी आहे. ऑस्मॉसिसला जिवंतपणा लागतच नाही. १७४८ मध्ये फ्रान्सात नोले नावाच्या माणसानं हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यानं वापरलं होतं डुकराचं मूत्राशय, एका बाजूला दारूचा अर्क आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ते कातडं काय जिवंत होतं का? पुढं फेफरनं १८७७ मध्ये मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचा पडदा तयार करून दाब मोजला, तिथं तर पेशीचा संबंधच नाही. लागतो फक्त असा पडदा जो पाण्याला जाऊ देईल आणि विरघळलेल्याला अडवेल किंवा निदान खूप उशीर लावेल. हे ‘उशीर लावेल’ लक्षात ठेव, तुझ्या बेदाण्याचं उत्तर त्यातच आहे.

शेडवरची_पोर:
सर 🙏 एन्झाइमचं तर डोक्यातच आलं नव्हतं, पप्पांना वाचून दाखवलं. मग बेदाण्यात उशीर कोण लावतंय? साल?

भिंग_कराड:
साल, आणि गराच्या चोथ्यातून वाट काढत बाहेर यायला साखरेला लागणारा वेळ. पाण्याचा रेणू बारका, साखरेचा त्याच्या दहापट वजनाचा (पाणी १८, ग्लुकोज १८०), त्यामुळे पाणी भराभर आत, साखर हळूहळू बाहेर. तेवढ्या काळात आतली साखर पाणी ओढत राहते आणि दाणा फुगतो. सोबत दुसरं एक चालू असतं, पेशीभित्तिकेतलं पेक्टिन आणि सेल्युलोज. यांच्या अंगावर ओएच गट गच्च भरलेले, पाण्याशी हायड्रोजन बंध करतात आणि पाणी धरून बसतात. हेच इम्बिबिशन. म्हणजे वर सीईटीवाल्यानं ज्या दोन पेट्या वेगळ्या करून ठेवल्यात त्या दोन्ही बेदाण्यात एकदम उघड्या असतात.

जिवंत पटल असतं तर साखर आतच राहिली असती. इथं राहत नाही. आता आपल्याकडं रात्री बेदाणा भिजवून सकाळी त्याचं पाणी पितात ना, ते गोड लागतं. का लागतं?

खोडवा:
आयला खरंच की. एवढी वर्षं पितोय.

द्राक्षबाग_पलूस:
राम राम. मी शिक्षण कमी, बाग मात्र जुनी. डिपिंगचं विचारलंय म्हणून सांगतो. एक लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल म्हंजे इथाइल ओलिएट, त्यात घड थोडा वेळ बुडवायचे. द्राक्षावर जी पांढरी लव दिसती ती मेण हाय, त्या मेणानंच पाणी आत कोंडून ठिवलेलं असतंय. डिपिंगनं मेणाचे पापुद्रे विस्कटत्यात आणि पाण्याला वाट हुती, नाहीतर सावलीत वाळायला दुप्पट दिवस लागत्याल आणि माल डागी हुईल. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरा.

आता माझा प्रश्न भिंग सरांना. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी आला की काढणीला आलेल्या बागेत मणी तडकत्यात, एका रात्रीत घडच्या घड वाया. कच्च्या मालात एवढं हुईत नाही, साखर भरली की हुतंय. ते पण हेच ऑस्मॉसिस का?

भिंग_कराड:
राम राम दादा. हेच. पिकलेल्या मण्यात २० ब्रिक्स (म्हणजे रसात साधारण २० टक्के साखर) धरली तर लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर, बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. वँट हॉफच्या सूत्रात घातलं तर परासरण दाब येतो पंचवीस वातावरणाच्या वर, कारच्या टायरमधल्या हवेच्या दहापट तरी. आता कुणी लगेच म्हणायच्या आत सांगतो, एवढा दाब मण्यात प्रत्यक्षात भरलेला नसतो. अर्थ एवढाच की पलीकडं शुद्ध पाणी असेल तर त्याला आत येण्यापासून रोखायला एवढा दाब द्यावा लागेल. पावसाचं पाणी म्हणजे जवळपास शुद्धच. ते सालीवर आणि देठापाशी साचून राहिलं की आत घुसतं, वर मुळाकडनंही येतं, दमट हवेत बाष्पीभवन थांबलेलं, गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. कच्च्या मण्यात साखर कमी म्हणून ओढ कमी. जिथं साल आधीच खरवडलेली किंवा घड गच्च दाटलेला तिथून पहिली चीर जाते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल.

द्राक्षबाग_पलूस:
बघितलंय म्हंजे, रडलोय. घड दाटला की आतल्या अंगाचे मणी आधी जात्यात, बरोबर हाय तुमचं.

नर्सिंग_मिरज:
मध्येच घुसते. आम्हाला हेच सलाइनच्या वेळी शिकवतात, रक्तात साधं डिस्टिल्ड वॉटर सोडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात म्हणून ०.९ टक्के मीठ. वनस्पतीला पेशीभित्तिका असते म्हणून ती फुटत नाही, ताठ होते. पण मला एक कळत नाही, पाणी जर लिपिडच्या शेपट्यांना नको असतं तर पाणी पटलातून जातंच कसं?

भिंग_कराड:
थोडं तसंच सरकतं, रेणू बारका असल्यामुळे. पण भराभर जातं ते प्रथिनांच्या नळ्यांतून, अ‍ॅक्वापोरिन. पीटर अ‍ॅग्रे यांच्या प्रयोगशाळेनं १९९२ मध्ये दाखवलं आणि गंमत म्हणजे ते प्रथिन त्यांना सापडलं तांबड्या पेशीतच, तुमच्याच खात्यात. २००३ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. नळी इतकी अरुंद की रेणू एकामागं एक रांगेनं जातात.

शेडवरची_पोर, तुला आता सांगतो जिवंत पटल बघायचं असेल तर बेदाणा सोड, बटाटा घे. दोन सारखे बटाटे, एक कच्चा एक उकडलेला. दोन्हीचं बूड सोलून सपाट कर, वरून खड्डा कोर, खड्ड्यात दोन चमचे साखर आणि जरासं पाणी, आणि ताटलीत पाणी घेऊन त्यात बसव. काही तासांनी कच्च्याचा खड्डा भरून वर येईल, उकडलेल्याचा नाही. शिवाय बीट. चकत्या कर, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत धू (नाहीतर कापलेल्या पेशींचाच रंग येत राहील), मग एक चकती गार पाण्यात, एक कडक गरम पाण्यात, एक स्पिरिटमध्ये.

सीईटी_वाला:
सर स्पिरिट नसेल तर सॅनिटायझर चालेल का? मी पण करणार.

भिंग_कराड:
पाण्यासारखं पातळ असतं ते चालेल, जेलमध्ये नीट दिसणार नाही.

शेडवरची_पोर:
केलं सगळं!! कच्चा बटाटा भरून सांडला ताटलीत, उकडलेला होता तसाच, वर तर ताटलीतलं पाणी गोडसर झालंय म्हणजे साखर खाली झिरपली. बीट गार पाण्यात संध्याकाळपर्यंत पाणी जवळजवळ स्वच्छ, गरम पाण्यात लगेच लालभडक, सॅनिटायझरमध्ये पण रंग सुटला कारण अल्कोहोलनं लिपिडचा थर विस्कटला, बरोबर ना? बेदाण्याचं पण केलं, काही अख्खे आणि काही सुईनं टोचून. टोचलेले पण फुगले! पण त्यांचं पाणी अख्ख्यांच्या पाण्यापेक्षा जास्त गोड. म्हणजे साल थोडीफार अडवते पण फुगायला साल अख्खी असायलाच पाहिजे असं नाही, पेक्टिनवालं पण काम चालू आहे. पाकातले मात्र फारसे फुगले नाहीत, म्हणजे पुस्तकातला प्रयोग खोटा नाही, दिसतं तसंच, कारण तेवढं वेगळं.

भिंग_कराड:
बरोबर. कारण तेवढं वेगळं हे वाक्य जर्नलमध्ये लिहून ठेव. पेपरात एंडोऑस्मॉसिसच लिही, आणि जागा उरली तर खाली एक ओळ घाल की मृत पेशीत पटल शाबूत नसल्यामुळे साखर बाहेरही येते. तपासणारा शहाणा असेल तर खूश होईल, नसेल तर मार्क जाणार नाहीत.

शेडवरची_पोर:
थँक्यू सर. आई विचारतेय गरम पाण्यातलं बीट कोशिंबिरीत घातलं तर चालेल का 😅

नर्सिंग_मिरज:
गरम पाण्यातलं घाल, सॅनिटायझरवालं कचऱ्यात. आणि ते भांडं दोनदा घास.