साडेतीन वर्षांच्या मुलाच्या छातीत सारखी शिट्टी वाजते, बाळदमाच का हा?

ऐरोलीची_आई
जूनपासून चौथी खेप. आधी नाक गळतं, दुसऱ्या रात्री छातीत सूं सूं शिट्टी आणि पोट भात्यासारखं वरखाली, मधल्या काळात मात्र ठणठणीत, पार्किंगमध्ये सायकल हाणत असतो. डॉक्टरांनी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची मास्कवाली नळी) दिलाय, दमाच का ते सांगायला मात्र थांबा म्हणतात. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, शेजारच्या काकू म्हणतात पाचव्या वर्षी आपोआप जातं, आणि फुंकायची टेस्ट करायला गेलो तर लहान आहे म्हणून परत पाठवलं. धरायचं काय?

पीएफटीवाली_ठाणे
मी फुफ्फुसाच्या टेस्ट करते म्हणून लिहिते. परत पाठवलं ते बरोबरच. छातीभर श्वास घ्यायचा आणि जोरात, पूर्ण, तेही तीनदा सारखंच फुंकायचं, हे साधारण 5-6 वर्षांनंतरच नीट जमतं. याच्या वयाची मुलं मशीनमध्ये गाणं म्हणतात 😄 ऑसिलोमेट्री म्हणून एक टेस्ट असते, तिच्यात नेहमीसारखा श्वास घ्यायचा, आम्ही गाल धरून ठेवतो, ती तिसऱ्या वर्षानंतर जमू शकते, पण सगळीकडे नसते आणि बरा असताना नॉर्मल आली म्हणजे दमा नाही असंही नाही.

काकू अर्ध्या बरोबर आहेत. अमेरिकेत टूसॉनला 1980 पासून जन्मलेली हजारावर बाळं वर्षानुवर्षं तपासली. 3 वर्षांच्या आत ज्यांची छाती वाजली त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांची 6 व्या वर्षी बंद झाली होती. गंमत म्हणजे या बंद होणाऱ्यांची फुफ्फुसं पहिलं आजारपण येण्याआधीच जरा कमी चालत होती, आणि ज्यांची पुढेही वाजत राहिली त्यांची सुरुवातीला चांगली होती, 6 व्या वर्षी कमी भरली. म्हणजे एका रात्रीच्या शिट्टीवरून कोणता गट ते कळत नाही. म्हणूनच तुमचे डॉक्टर थांबा म्हणत असणार.

गटाचा अंदाज बांधायला सांगा, तिसऱ्या वर्षाआधी वाजली होती का? सर्दी नसताना, हसताना, पळताना? अंगावर एक्झिमा, म्हणजे खाजरे कोरडे चट्टे? घरात कुणाला दमा?

कोपरखैरणेकर
ताई, सवय वगैरे लागत नाही, आमच्या पोरीचं दोन वर्षं चाललंय. मास्क मात्र नाकातोंडावर घट्ट बसायला हवा, रडताना दिलं तर औषध फार आत जातच नाही, म्हणून आम्ही आधी बाहुलीला देतो. पंप हलवा, एका वेळी एकच पफ, मग 5-6 शांत श्वास. आणि स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच सुकवा, फडक्याने पुसलात की आतल्या भिंतीला औषध चिकटतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. कॉइल आणि धूप बंद!!

पीएफटीवाली_ठाणे
+1. बरगड्यांमध्ये खड्डे पडले, बोलता-पिता येईना, ओठ निळसर दिसले तर इथे विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल. सर्दी नसताना शेंगदाणा खाता खाता अचानक सुरू झालं तरी तेच. आणि शिट्टीचा व्हिडिओ काढून ठेवा, सकाळी डॉक्टरांसमोर कधीच वाजत नाही.

ऐरोलीची_आई
दीड वर्षाचा असताना एकदा वाजली होती, आणि पळाला की खोकतो, ते मी दमला म्हणून सोडून द्यायचे. कोपराच्या लवणीत चट्टेही आहेत. आत्ता सासूबाईंना घरातलं विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "याच्या बाबाला होता की, दहावीपर्यंत. तुला कशाला सांगायचं?" सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, त्यांनाही घेऊन जातेय.