उनपदेवचा झरा म्हणजे भूकंपाच्या कुकरची शिट्टी?

तापीकाठ: परवा अडावदजवळच्या उनपदेवला गेलो होतो. गोमुखाच्या धारेखाली हात धरला आणि लगेच मागे घेतला, इतकं कढत पाणी. माझं मत सांगतो. जमिनीखालचं तापलेलं पाणी इथून निघून जातं, म्हणून खान्देश भूकंपाच्या बाबतीत शांत आहे. तिथे बोअर मारून त्या उष्णतेवर वीज काढायला माझा विरोध.

केळीवाला रावेर: शांत कुठलं भो? १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६.३ चा भूकंप झाला, तोही जवळपास ४० किमी खोल. झरा तर रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून काढला म्हणतात. मग ३८ साली शिट्टी अडकली होती का?

निवृत्त मास्तर: तुम्ही दोघं चुकीच्या पाण्यावरून भांडताय. भूकंपात खेळ करतं ते पाणी झऱ्याचं नसतं. ते भ्रंशातल्या, म्हणजे खडक जिथे एकमेकांवरून सरकतात त्या भेगेतल्या, बारीक भुग्यात कोंडलेलं असतं. खडक सेकंदाला मीटरभर वेगाने घासले की क्षणात तापतात. पाणी खडकापेक्षा जास्त फुगतं, निघायला वाट नाही, दाब चढतो. डाळीच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललं की बोट लावताच सरकतं, तसं. म्हणजे सरकणं सुरू झाल्यावर हे पाणी तापतं. भूकंप ते सुरू करत नाही, सुरू झालेलं सरकणं आणखी वाढवू शकतं.

तापीकाठ: मग घर्षण कमी, हादरे कमी. चांगलंच की!

निवृत्त मास्तर: अर्धंच बरोबर. १९९९ च्या तैवानच्या ७.६ च्या भूकंपात उत्तरेकडे भ्रंश ८-१० मीटर सरकला, तरी तिथले झटपट, कडक धक्के दक्षिणेपेक्षा सौम्य होते. कोंडलेल्या पाण्याचा दाब हे त्याचं एक स्पष्टीकरण.

केळीवाला रावेर: आणि शिहकांग धरण त्याच उत्तरेला फाटलं, ते सांगा ना! धक्का सौम्य, पण जमीनच उचलली गेली. आपल्या हतनूर धरणाच्या भिंतीखाली असं झालं तर सौम्य म्हणाल?

तापीकाठ: बरं, शिट्टी मागे घेतो. बोअरचा विरोध मात्र मागे घेत नाही. दक्षिण कोरियात पोहांगला भूऔष्णिक विहिरीत दाबाने पाणी सोडलं आणि २०१७ मध्ये ५.५ चा भूकंप झाला. सरकारी चौकशीनेच तसं म्हटलं.

निवृत्त मास्तर: तिथे दोष बाहेरून दिलेल्या दाबाचा. नुसतं आपसूक वर येणारं गरम पाणी वापरायला तोच नियम कसा लावता?

तापीकाठ: आपसूक येतं तेवढ्यावर वीज होईल का, ते आधी सांगा मास्तर.