चिनी न्याहारीमुळे दूरचं माणूस परत जवळ आलं का? अनुभव सांगा

नवरा शांघायचा, आम्ही पुण्यात, सासरी बोलणं म्हणजे वर्षातून एकदा चिनी नववर्षाला व्हिडिओ कॉल, तेही दोन मिनिटं. गेल्या वर्षी सासूबाईंना विचारलं की खारं दोउज्यांग, म्हणजे न्याहारीचं खारं सोयादूध, कसं करता, आणि त्या अशा खुलल्या की काय सांगू. बाऊलमध्ये आधी व्हिनेगर, सोया सॉस, सुकी कोळंबी, मोहरीच्या देठाचं लोणचं आणि योउत्याव, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या लांब काठ्या, त्याचे तुकडे घालायचे, मग वरून उकळतं सोयादूध ओतायचं, ते व्हिनेगरने फाटतं. आपल्याकडे दूध फाटलं की जीव हळहळतो, इथे फाटलंच पाहिजे. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला बोलावून फोनवर दाखवलं. आता दर रविवारी कॉल असतो. तुमचंही असं काही असेल तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

*

माझी सून वूहानची. 23 जानेवारी 2020 ला शहर बंद झालं ते 8 एप्रिलपर्यंत, पोरगी इथे नाशकात माझ्यासमोर बसून रोज फोनकडे बघायची. तोवर व्याह्यांशी माझं एक वाक्य बोलणं झालेलं नव्हतं, भाषाच नाही ना. एप्रिलमध्ये त्यांनी फोटो पाठवला, कागदी वाटीत रगानम्येन, म्हणजे तिळाच्या पेस्टमधल्या नूडल्स, खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. सून म्हणाली, आई, बाबा बाहेर जाऊन आले. मग आम्ही दोघींनी ते घरी केलं. नूडल्स अर्धवट उकडून तेल चोळून पूर्ण गार करायच्या, खायच्या वेळी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढायच्या आणि भाजलेल्या तिळाची दाट पेस्ट घालून भराभर कालवायच्या, थांबलात तर गोळा होतो. तिकडे सकाळच्या खाण्याला ग्वोझाव म्हणतात. व्याही रोज सकाळी तेवढा एकच शब्द पाठवतात आणि मी मराठीत 'झाली हो न्याहारी' असं लिहिते, सहा वर्षं होत आली, एक दिवस चुकलेला नाही.

*

माहेर नागपूर, सासर कोलकात्यातलं हक्का चिनी. सासूबाई मूळच्या आसामच्या, 1962 च्या युद्धात त्यांच्या घरच्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं होतं, पुढे भाऊ टोरंटोला गेले आणि येणंजाणं संपलंच. दोन वर्षांपूर्वी थोरले मामा आले. घरात दोघं नुसते बसून, बोलणंच सुचेना. रविवारी पहाटे त्यांना टिरेटा बाजारात नेलं, तिथे सहालाच न्याहारी मांडलेली असते आणि आठनंतर गेलात तर फारसं काही मिळत नाही. मामांनी गरम बाव, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, घेतला, मोडला आणि मोठा अर्धा बहिणीला दिला. सासूबाई 'आ-को' म्हणाल्या, म्हणजे दादा. मग फिश बॉलचं सूप गार होईपर्यंत दोघं बोलत होते, मला हक्का येत नाही, मी नुसती उभी होते.

*

छोटासाच आहे माझा. नवरा कँटोनीज, आम्ही सिंगापूरला. या लग्नापायी मालवणची आत्या बारा वर्षं बोलली नव्हती. शेवटी आली, चेहरा तसाच. सकाळी सासूबाईंनी तिच्यापुढे जुक ठेवलं, तांदूळ दहापट पाण्यात विरघळेपर्यंत शिजवलेला. आत्याने चमचा बाजूला ठेवला, बाऊल तोंडाला लावलं आणि म्हणाली, "ही तर आपली पेज गो. लोणचा खय आसा?"